आधी काठ, मग कातर: जुने स्वेटर आणि चिंध्यांमधून नवा कपडा

जुना स्वेटर हातात आला की बहुतेक जण त्याचं अंग बघतात. नक्षी कशी आहे, रंग उडालाय का, भोक कुठे पडलंय. मी कडा बघते. खालची बॉर्डर, मनगटाची बॉर्डर, गळ्याची पट्टी, असलीच तर बटणपट्टी. घरच्या शिलाई मशीनवर नेमक्या याच गोष्टी करता येत नाहीत. मधलं विणलेलं अंग म्हणजे शेवटी कापडच; विरलं तर त्या जागी दुसरं बसवता येतं. पण ताणून सोडली की पुन्हा जागेवर येणारी बॉर्डर कुठल्याही चिंधीतून मिळत नाही. म्हणून माझा बेत नेहमी कडेकडून आत सरकतो. कोणती कड नव्या कपड्यात कुठे बसणार हे ठरेपर्यंत कातर डब्यात.

मी अल्टरची कामं करते. लोक घट्ट झालेले, कोपरात विरलेले, आटलेले स्वेटर घेऊन येतात आणि "याचं काही होईल का हो?" असं विचारतात. होतं, जवळजवळ नेहमीच होतं. काय होईल हे मात्र धाग्यावर अवलंबून असतं, त्यामुळे तिथूनच सुरुवात करू.

धागा कोणता?

लेबल शाबूत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढा, लोखंडी चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर जाळून बघा. खरी लोकर पटकन पेटत नाही, ज्योत बाजूला घेतली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. अॅक्रिलिक वितळत जळतं आणि मागे काळा कडक मणी उरतो. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ आणि करडी. राखेत थोडा चुरा आणि थोडे मणी दिसले तर धागा मिश्र आहे.

या एका चाचणीवर पुढचं सगळं ठरतं. लोकर गरम पाण्यात आटवून घट्ट नमद्यासारखी करता येते, अॅक्रिलिक कितीही उकळलं तरी तसं होत नाही. लोकरीला वाफ मानवते: शिवणीला आलेली लाट वाफेने बसते. अॅक्रिलिकवर तीच वाफ जवळून मारली तर त्याचा ताण कायमचा जातो. बॉर्डर एकदा अशी लोळागोळा झाली की धुऊनही परत येत नाही. त्यामुळे अॅक्रिलिकच्या बॉर्डरजवळ मी इस्त्री नेतच नाही. (उलट ओढणीसारखी खाली पडणारी मोकळी झूल हवी असेल, तर अॅक्रिलिकच्या अंगावर मुद्दाम भरपूर वाफ मारते. तिथे तोच दोष कामाला येतो.)

कसरीचं बघायला विसरू नका. लोकर खाते ती अळी, उडणारा पतंग नाही; आणि अळी घामाचे, सांडलवंडीचे डाग असतील तिथे आधी जाते. कुणाकडून आलेला लोकरी कपडा थेट कपाटात किंवा चिंध्यांच्या पिशवीत टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग झटका, मग धुवा. नंतर खिडकीसमोर उजेडात धरा. डोळ्यांना न दिसलेली बारीक भोकं उजेडात दिसतात. प्रत्येकाभोवती खडूने गोल करा, म्हणजे बेतताना ती जागा चुकवता येते.

उसवायचा की कापायचा?

स्वेटर उलटा करा आणि बगलेची शिवण बघा. तिथे ओव्हरलॉकची (कड दोऱ्यांनी वेढणारी) दाट टीप असेल, तर ते अंग विणलेल्या थानातून कापून काढलेलं आहे. असा स्वेटर उसवलात तर प्रत्येक ओळीला तुटका धागा हाती येतो आणि गुंता सोडून काही मिळत नाही. तो कापायलाच घ्या. दोन्ही बाजूंना व्यवस्थित विणलेला काठ असेल आणि ते काठ साखळीटाक्याने जोडलेले असतील, तर तुकडे आकारातच विणलेले आहेत. मुंढ्याजवळ, म्हणजे बाही अंगाला जोडते तिथे, टाके कमी केल्याच्या तिरप्या खुणांची ओळ दिसते, ती दिसली की खात्री पटते. असा स्वेटर उसवता येतो. साखळीटाक्याचं योग्य टोक सापडलं तर सगळी शिवण एका ओढीत सुटते. सापडलं नाही तर दुसऱ्या टोकाकडून प्रयत्न करा. एकाच बाजूने ती अशी सुटते.

विणकाम बहुधा खालून वर झालेलं असतं, म्हणून उसवणं गळ्याकडून, म्हणजे टाके बंद केलेल्या बाजूने. धागा थेट गुंड्यावर घेऊ नका. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली हलकंसं वजन लावून वाळत घाला. वळ्या निघून गेल्या की मग गुंडा. कारखान्यात विणलेल्या स्वेटरचा धागा बहुतेक वेळा बारीक निघतो; दोन-तीन पदर एकत्र घेऊन विणावा लागतो. मोहेअर आणि केसाळ लोकर मात्र एकमेकींत इतकी अडकलेली असते की तिच्या नादी मी लागत नाही.

खरं सांगायचं तर उसवणं हे वेळखाऊ काम आहे आणि विणण्याची आवड असलेल्यांनीच करावं. या लेखात यापुढे आपण कापणारच आहोत.

विणलेलं कापताना

विणलेल्या कपड्याला कातर लावायची लोकांना भीती वाटते. सगळं भराभर सुटत जाईल असं वाटतं. शेटलंड बेटांवर आणि नॉर्वेत स्वेटर आधी नळकांड्यासारखे गोल विणून मग समोरून सरळ कापून उघडण्याची पद्धत जुनी आहे. बाह्यांसाठीही तशीच चीर देतात. तेव्हा कापणं हा काही गुन्हा नाही. फक्त टीप आधी आणि कातर नंतर, हा क्रम पाळायचा. टाके सुटतात ते शिडीसारखे उभ्या रेषेत, वरून खाली. त्यामुळे आडवा काप जास्त धोक्याचा, उभा काप त्या मानाने निवांत.

कुठेही कापायचं असेल तर रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक झिगझॅग मारा. रुंदी १ ते दीड मिमी, लांबी अडीच मिमी. मग मधून कापा. मशीनमध्ये साधी सुई असेल तर आधी ती काढा. विणीसाठी गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लागते: पातळ कपड्याला ८०/१२, जाडला ९०/१४. टोकदार सुई धागा भोसकते, गोल टोक धाग्यांमधून वाट काढतं. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा पहिल्या ताणातच तुटतो. प्रेशर फूटचा (कपडा दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब कमी करता येत असेल तर करा. शिवण नागमोडी येण्याचं मुख्य कारण तो दाब असतो, आणि दुसरं कारण आपले हात. कपडा मागून ओढू नका, पुढून ढकलू नका, मशीनचे दाते नेतील तसा जाऊ द्या. टाचण्या विणीत हरवतात, त्याऐवजी चिमटे लावा.

खांद्याच्या शिवणीत मात्र ताण नकोच. तिथे पातळ सुती फीत शिवणीबरोबर घ्या, नाहीतर नव्या कपड्याचे खांदे महिनाभरात दंडावर येतात.

कपडा किती ताणतो हे अंदाजाने ठरवू नका. आडव्या दिशेने १० सेंमी अंतरावर दोन खुणा करा आणि पट्टीवर धरून ओढा. १३ सेंमीपर्यंत गेला तर बेताचा ताण, १५ किंवा पुढे गेला तर भरपूर. सोडल्यावर परत १० वर आला का, हे त्याहून महत्त्वाचं. अकरावर अडकला तर त्या तुकड्याची मनगटपट्टी किंवा गळपट्टी करू नका. खिसा करा, पाठ करा.

आटवलेली लोकर

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत रुततात आणि परत सुटत नाहीत. स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला की मुलाच्या मापाचा होतो, तो याचमुळे. तेच मुद्दाम करायचं. निदान ८० टक्के लोकर असलेला स्वेटर जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधा म्हणजे निघालेला भुगा मशीनमध्ये अडकणार नाही, सोबत घासायला एखादी जुनी जीन्स टाका आणि ६० अंशांवर धुवा. बाहेर काढून ताणून बघा. टाके अजून वेगळे दिसत असतील तर पुन्हा एकदा. लेबलवर सुपरवॉश लिहिलेलं असेल तर खटाटोप करू नका. त्या लोकरीचे खवले प्रक्रियेने आधीच झाकून टाकलेले असतात.

एक लक्षात ठेवा: उंची बहुधा रुंदीपेक्षा जास्त आटते. आणि बॉर्डरही आटून ताठ होते. म्हणून बॉर्डर चांगली असेल तर आटवण्याआधीच ती अंगापासून कापून वेगळी ठेवते. कापण्याआधी झिगझॅग, हे आलंच.

आटवलेली लोकर सुटत नाही, म्हणून तिला ओव्हरलॉक नको, दुमड नको. एका तुकड्याची कड दुसऱ्यावर १ सेंमी चढवून वरूनच टीप मारता येते. शिवण सपाट राहते, जाड गाठ होत नाही. लहान मुलांची जाकिटं, टोप्या, खिशांची झाकणं, कॉलर हे सगळं यातून सुरेख होतं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण ही लोकर कापडासारखी वागते आणि चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येतं.

घट्ट स्वेटरचं पुढून उघडं जाकीट

सगळ्यात जास्त वेळा मागितलं जाणारं काम हे. बंद गळ्याचा स्वेटर, छातीत घट्ट, कोपरं गेलेली, पण बॉर्डर उत्तम. त्याला बाजूंनी कापडाच्या पट्ट्या, पुढून कापडी बटणपट्टी आणि कोपरांना ठिगळं. समजा स्वेटर छातीत ९६ सेंमी आहे आणि आपल्याला १०५ च्या आसपास हवा आहे.

प्रथम मधली रेषा. दोन्ही बगला एकमेकींवर ठेवून स्वेटर उभा दुमडा आणि पुढच्या भागाच्या दुमडीवर वेगळ्या रंगाचा कच्चा धागा घाला. पट्टी लावून रेष मारू नका. एकच उभी टाक्यांची ओळ पकडा आणि गळ्यापासून खालपर्यंत तिच्यातच राहा. एखादी ओळ इकडेतिकडे झाली तर पुढची बाजू तिरकी पडते आणि बटणं लावली की लगेच नजरेत भरते.

कापण्याआधीच या रेषेची लांबी मोजून लिहून ठेवा. स्वेटर सपाट पसरलेला, अजिबात न ताणलेला हवा. समजा ६२ सेंमी आली. कापल्यानंतर मोजलीत तर हाताळणीमुळे ती वाढलेली असेल, आणि त्या वाढीव मापाची पट्टी लावलीत तर समोर झालर तयार होईल.

आता रेषेच्या दोन्ही बाजूंना, आतून, विणीच्या कपड्यासाठीच्या मऊ फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) अडीच सेंमी रुंद पट्टी चिकटवा. अॅक्रिलिक असेल तर इस्त्री टाळायची म्हणून फ्यूजिंगऐवजी पातळ सुती फीत हाताने टाचा. मग दोन्ही बाजूंनी झिगझॅग, मग मधून कातर. गळ्याची पट्टी आणि खालची बॉर्डर काढून टाकू नका. त्याही त्याच रेषेत कापल्या जातील आणि त्यांची टोकं नव्या बटणपट्टीत झाकली जातील.

बटणपट्ट्या दोन, प्रत्येकी ८ सेंमी रुंद आणि ६४ लांब: म्हणजे ६२ अधिक दोन्ही टोकांना एकेक सेंमी माया (शिवणीत जाणारा जादा कपडा). एवढ्या लांबीचा तुकडा सहसा नसतो. चार-पाच चिंध्या जोडून करा, फक्त जोड काजांच्या जागी येणार नाहीत हे बघा. पट्टी उभी दुमडली आणि १ सेंमी माया गेली की तयार रुंदी ३ सेंमी राहते. शिवताना विणलेली बाजू खाली, दात्यांकडे, आणि कापड वर. खालचा थर दाते थोडा जास्त ओढून घेतात, त्यामुळे विणीत आलेली वाढ तिथल्या तिथे जिरते. पट्टी आणि स्वेटर दोन्हींचे चार समान भाग करून खुणा जुळवा आणि खुणेपासून खुणेपर्यंत शिवा.

काजं कापडाच्या पट्टीवर येतात हा या पद्धतीचा मोठा फायदा. विणीत केलेलं काज ओघळतं, कापडातलं जसंच्या तसं राहतं. हिशेबही करून बघा. कापलेल्या दोन्ही कडांची मिळून २ सेंमी माया गेली, पट्ट्यांनी ६ दिले, त्यातले ३ एकमेकींवर चढण्यात गेले. म्हणजे समोरून एक सेंटिमीटर आपोआप वाढला.

राहिले आठ, ते बगलेतून काढायचे. बगलेची शिवण उसवा, कापू नका. कापलीत तर चारही कडांवर माया जाते आणि तेवढा कपडा पुन्हा कमी होतो. बाहीची खालची शिवणही कोपराच्या खालपर्यंत उघडा. प्रत्येक बाजूला ४ सेंमी तयार रुंदीची पट्टी हवी, म्हणून ६ सेंमी रुंद कापा, आणि उरेब, म्हणजे धाग्याला तिरकस, कापा. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर ताणत नाही, उरेब ताणतं, आणि हात वर केला की काखेत नेमका तोच ताण हवा असतो. ही पट्टी बॉर्डरच्या वरून सुरू करून बगलेतून बाहीत न्यायची आणि कोपराशी निमुळती करत संपवायची.

बॉर्डरच्या वरून का? कारण बॉर्डर मधून चिरली आणि तिच्यात न ताणणारं कापड बसवलं तर खालचा घेर पिशवीसारखा लोंबतो. बॉर्डर स्वतः ताणून बहुतेक वेळा तेवढं माप भागवते. कमरेत फारच घट्ट होत असेल तर दुसऱ्या एखाद्या टाकाऊ स्वेटरच्या मनगटाची बॉर्डर उभी कापून तिथे जोडा. रंग वेगळा आला तर येऊ द्या, पण बॉर्डरला बॉर्डरच लावा.

बाही उघडी आहे तोवरच कोपरांची ठिगळं लावून घ्या. बंद बाहीत मशीन शिरत नाही आणि हातानेही नीट होत नाही. साधारण ११ बाय १५ सेंमीचे लंबगोल कापा, कडा १ सेंमी आत दुमडून कच्चा टाका घाला. जागा ठरवताना अंगात घालून हात वाकवा आणि खडूने खूण करा. सरळ हातावर ठरवलेलं ठिगळ नेहमी वर बसतं. विरलेल्या जागेच्या मागून जाळीदार पातळ कापड लावलं तर ठिगळाच्या कडेने नवं भोक पडत नाही.

शेवटी बगल आणि बाही शिवा, माया कापडाच्या बाजूला वळवा, काजं करा, बटणं लावा. जुन्या शर्टाची बटणं या पट्टीला छोटी पडतात, कोटाची घ्या.

चिंध्यांचं गणित

चिंध्यांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे लहान लहान चौकोन कापले की काहीच वाया जात नाही. हिशेब उलटा आहे. चारही बाजूंना १ सेंमी माया धरली तर १२ सेंमीच्या चौकोनाचा जोडल्यावर १० सेंमीचा चौकोन दिसतो. म्हणजे १४४ चौरस सेंमीतले १०० उरले, सुमारे ३१ टक्के मायेत गेले. तेच ६ सेंमीचा चौकोन घेतला तर ३६ मधले १६ दिसतात, ५६ टक्के आत गडप. शिवाय आतून शिवणींचं जाळं होऊन कपडा ताठ होतो. चटईला चालेल, अंगावरच्या कपड्याला नाही. म्हणून तुकडा जेवढा मोठा ठेवता येईल तेवढा ठेवा, आणि पट्ट्या करा, चौकोन नकोत. तुकड्याचा जो काठ आधीच सरळ आहे तो तसाच वापरा.

चिंध्या रंगाप्रमाणे लावून ठेवलेल्या छान दिसतात, पण मी वजनाप्रमाणे लावते: पातळ, मध्यम, जाड, आणि ताणणारं सगळं वेगळं. जाड तुकड्याशेजारी मलमल शिवली की मलमल शिवणीपाशी फाटते. एका कपड्यात एका वजनाचं कापड, रंग मग कितीही उधळा. शिवण्याआधी सगळं धुऊन आटवून घ्या. गडद रंगाच्या तुकड्यावर ओला पांढरा रुमाल ठेवून इस्त्री दाबा; रुमालावर रंग उतरला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी जाणार नाही.

जाकिटाचं किंवा बंडीचं पुढचं पान चिंध्यांतून करायचं असेल तर सुटे तुकडे जोडत बसू नका, खाली आधार घ्या. जुन्या मऊ चादरीतून नमुन्यापेक्षा सगळीकडून ३ सेंमी मोठं पान कापा. पहिली पट्टी मध्यावर सुलट ठेवा. दुसरी तिच्यावर उलटी, कड कडेला लावून ठेवा, तिन्ही थरांतून टीप मारा, दुसरी उलटून सपाट करा, इस्त्री. मग तिसरी. असं बाहेरपर्यंत जात राहा. चिंधी उभ्या धाग्याची आहे की उरेब, हे इथे बघावं लागत नाही. खालची चादर सगळ्यांना धरून ठेवते आणि शिवणी आतून झाकलेल्या राहतात. पान भरलं की त्यावर नमुना ठेवून नेमक्या मापात कापा आणि कडेने लगेच एक टीप मारा, नाहीतर टोकाच्या शिवणी सुटायला लागतात.

विणलेलं कुठे, कापड कुठे

दोन्ही एकाच कपड्यात आणताना माझा नियम साधा आहे. अंग जिथे वाकतं तिथे विणलेलं: कोपर, काख, मान, कंबर. वजन किंवा ओढ जिथे पडते तिथे कापड: खांदे, खिसे, बटणपट्टी. त्यामुळे चिंध्यांच्या पट्ट्यांचं अंग आणि स्वेटरच्या बाह्या ही जोडी फार चांगली जमते. उलट केलं, विणलेल्या अंगाला कापडी बाह्या लावल्या, तर मुंढा खाली ओढला जातो. विणलेल्या भागावर खिसा लावायचाच असेल तर मागून तेवढ्याच मापाचं कापड लावा आणि दोन्हींमधून शिवा.

गळ्याला स्वेटरची बॉर्डर लावताना ती गळ्याच्या घेराइतकी घेऊ नका, सुमारे ८५ टक्के घ्या. गळा ५६ सेंमी असेल तर पट्टी ४८, अधिक जोडाची २ सेंमी माया. शिवताना पट्टी ताणायची, गळा नाही. कापडाची पट्टी लावणार असाल तर मात्र ती ताणणार नाही. मोठ्या माणसाचं डोकं ५५ ते ५८ सेंमी भरतं, तेव्हा गळा निदान ६० ठेवा किंवा खांद्यावर चीर देऊन बटण लावा.

दोन बाह्या उरल्या तर लहान मुलाची विजार होते. मनगट म्हणजे घोटा, बाहीचा वरचा भाग म्हणजे मांडी. वरचा गोलवा सरळ कापा, मुलाच्या एखाद्या बसणाऱ्या विजारीची आसन-उंची (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंत) मोजून तेवढी शिवण उघडा, दोन्ही बाह्या समोरासमोर जोडा आणि मध्ये १० सेंमीची चौकोनी कळी (जोडाचा तुकडा) घाला. कमरेला स्वेटरची खालची बॉर्डर दुमडून, आत इलॅस्टिक घालून. घोटा आणि कंबर दोन्ही तयार मिळाल्यामुळे शिवायला फारसं उरतच नाही.

तयार कपडा धुताना त्यातल्या सगळ्यात नाजूक धाग्याचा नियम सगळ्या कपड्याला लावा. लोकरीची एक पट्टी असली तरी पाणी थंड, साबण सौम्य, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. पहिल्या धुण्यानंतर शिवणी एकदा तपासा. कुठे टाका सैल झाला असेल तर तो तेव्हाच हाताने घाला, विणीत एक सुटलेला टाका दुसऱ्या धुण्यापर्यंत थांबत नाही. उरलेल्या धाग्याचा हातभर तुकडा आतल्या शिवणीला टाचून ठेवा, पुढे रफू करताना तोच रंग शोधत फिरावं लागणार नाही.